देठ मोडलेलं पान

शनिवार, जानेवारीचा दुसरा आठवडा. वाशी, रत्नांच्या प्रदर्शनाचा हॉल, गेट क्रमांक दोन, सकाळी सव्वानऊ. पटावर पंधरा, हजर चौदा आणि मी. निकिता गैरहजर, ताप. आईचा फोन आला. सुशांत बारा मिनिटं उशिरा. कळंबोलीत ट्रेलर आडवा झाला होता, फोटो दाखवला म्हणून माफ. प्रत्येकाकडे ओळखपत्र, वही, चिमटा, डबा, पाण्याची बाटली आणि आयग्लास, म्हणजे दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग. सगळं बघून खुणा केल्या.

मग प्रत्येकाच्या समोर कट्ट्यावर एकेक झेरॉक्स ठेवली आणि ती त्यांना उचलायला लावली. कागदावर एक लंबगोल काढलेला, आणि त्याच्या कडेला पिंपळासारखं एक पान. पानाच्या शिरांच्या जागी बारीक ठिपके. देठ मध्येच मोडून उजवीकडे वळलेला.

"नीलम दिसला की परवानगी मागून भिंगातून बघायचा," मी सांगितलं. "आत हे पान आहे का पाहायचं. मिळालं तर ओरडायचं नाही. मला फोन करायचा."

"मॅडम, मार्क आहेत का याला?" सुशांतने विचारलं.

"नाहीत."

"मग कशाला टेन्शन?"

वीस वर्षांपूर्वी याच गेटवर मी जवळजवळ हेच विचारलं होतं. उत्तर द्यायला तेव्हा सर होते.

सर ठेंगणे होते आणि त्यांचे हात त्यांच्या अंगाला शोभत नसत. पंजे एवढे मोठे की चिमटा त्यात टाचणीसारखा दिसायचा. वडील साताऱ्याकडून आलेले, एपीएमसी मार्केटात कांद्याची पोती उचलायचे. "हात बापाचे आले, डोळे आईचे. ती तांदळातला खडा बोटांनी नाही, नजरेने काढायची," असं ते सांगत. वाशीत एका झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्यांत त्यांचा रत्नपरीक्षेचा वर्ग चाले. मी तेव्हा तिशीची, तुर्भ्याच्या ट्रान्सपोर्ट कंपनीत आवक-जावक बघण्याची नोकरी सोडून आलेली. पहिल्याच दिवशी मी वर्गातल्या उपकरणांची यादी करून भिंतीला चिकटवली. सरांनी ती पूर्ण वाचली आणि म्हणाले, "या यादीबाई." वर्गात माझं तेच नाव पडलं.

पहिला महिना त्यांनी आम्हाला एकही रत्न दाखवलं नाही. कागदाची पुडी घालायला शिकवलं. हिऱ्या-माणकांच्या व्यापारात सुटे दगड घडीच्या पुडीतूनच फिरतात. सर पुडीत चिमूटभर मोहरी घालायला लावायचे आणि मग ती पुडी आपल्या त्या पंजात धरून खुळखुळ्यासारखी हलवायचे. एक दाणा पडला तरी नापास. तीन आठवडे वर्गाची फरशी मोहरीने भरलेली होती. आमच्यातल्या एकाने वैतागून विचारलं, "सर, फोडणी कधी द्यायची?" सर म्हणाले, "तुझी पुडी बघून तेलच तापेना."

रंगही त्यांनी धान्यावरच शिकवले. इंग्रजी पुस्तकात उत्तम माणकाच्या रंगाला पारव्याच्या रक्ताची उपमा असते. सरांना ती मान्य नव्हती. "पारव्याचं रक्त कुणी पाहिलंय इथं? हात वर करा. नाही ना? मसूर सगळ्यांनी पाहिलीय." मग कोरडी मसूर, धुतलेली मसूर, तासभर भिजलेली मसूर अशा तीन वाट्या टेबलावर येत आणि त्यांच्याशेजारी माणकांचे तीन नमुने. आजही कुणी माझ्यापुढे माणिक ठेवलं की माझ्या मनात आधी 'तासभर भिजलेली' असं येतं, प्रमाणपत्रावर लिहायचे शब्द नंतर.

त्यांचा सगळ्यात चमत्कारिक नियम वेगळा होता. कुठलीही वस्तू हातातून हातात द्यायची नाही. टेबलावर ठेवायची, समोरच्याने स्वतः उचलायची. दगडांच्या बाबतीत हा धंद्यातला जुना रिवाज आहे. दगड पडला, हरवला, बदलला, तर तो कोणाच्या हातात होता यावर वाद नको. पण सरांनी तो खडूला, चहाच्या ग्लासला, किल्लीलाही लावला होता. तुम्ही हात पुढे केलात तरी ते तुमच्या हाताकडे न बघता ग्लास टेबलावर ठेवत आणि थांबत. बसमध्ये कंडक्टरने सुटे पैसे पुढे केले की ते शेजारच्या सीटकडे बोट दाखवत. कंडक्टर म्हणे, "काका, आरती आहे का?"

"उचललंस की तुझं," सर म्हणत. "दिलेलं माणूस विसरतो. उचललेलं विसरत नाही."

आमच्या वह्यांना तीन रकाने असत. 'दिसलं', 'वाटलं', 'माहीत नाही'. सर फक्त तिसरा रकाना तपासत. तो रिकामा असला की वही टेबलावर परत येई आणि त्यावर लाल शाईने लिहिलेलं असे: 'आपण सर्वज्ञ आहात. वर्गात का येता?'

आता माशांचं सांगते. सर पूर्ण शाकाहारी. डब्यात भाकरी, कोरडी भाजी, लसणाची चटणी. घरी अंडंसुद्धा चालत नसे. आणि हा माणूस दर बुधवारी सकाळी बेलापूरपुढे दिवाळे गावात जाऊन मासे घेऊन यायचा. पिशवी अंगापासून लांब, दोन बोटांत धरलेली. वर्गात शिरताच खिडकीच्या गजाला अडकवायचे आणि हात तीनदा धुवायचे. मांदेली असोत, बोंबील असोत, काय आणलंय ते त्यांना सांगता येत नसे.

"सर, ही कोलंबी आहे," मी एकदा म्हणाले.

"असेल. न्या."

"तुम्ही का आणता पण?"

"मिळते म्हणून."

दर बुधवारी त्या पिशवीवरून वर्गात भांडण व्हायला लागलं तेव्हा मी पाळ्या लावल्या. नऊ जण, त्यातले दोन शाकाहारी, उरले सात. पाळीचा तक्ता भिंतीवर माझ्या पहिल्या यादीखाली लागला. सरांनी तोही पूर्ण वाचला.

त्या जानेवारीत सर आम्हाला प्रदर्शनाला घेऊन आले. मी आयुष्यात एवढे दगड एका छताखाली पाहिले नव्हते. जयपूरचे, सुरतचे, परदेशी, हॉलभर पांढरा उजेड आणि काळ्या मखमलीचे ट्रे. सरांच्या सूचना तीनच होत्या. दुकानदाराने विचारल्याशिवाय त्याच्या दगडाबद्दल मत द्यायचं नाही. फुकटचं पेन घ्यायचं नाही. आणि हे पान शोधायचं. पानाचं चित्र त्यांनी त्यांच्या जुन्या रजिस्टरमधून स्वतः हाताने नऊ वेळा उतरवून आणलं होतं.

माणसाच्या अंगठ्याचा ठसा जसा दुसऱ्याशी जुळत नाही, तशा प्रत्येक दगडाच्या पोटातल्या खुणा वेगळ्या असतात. कुठे सुया, कुठे ढग, कुठे भरून आलेली भेग. तेव्हा मला वाटलं, हा नजरेचा सराव असेल. चित्र पाठ करायचं आणि जत्रेत हरवलेलं पोर शोधल्यासारखं शोधायचं. कोणाला मिळणार आहे?

दुपारी तीनच्या सुमारास मला मिळालं.

कोपऱ्यातलं एक छोटं दुकान. ट्रेमध्ये दहा-बारा नीलम, मिसळ मालातले. सहाव्या दगडाच्या कडेला पान होतं. पिंपळाचं. ठिपक्यांच्या शिरा. मोडलेला देठ.

मी ओरडले. "सर, पान!"

चार दुकानांतली माणसं वळून बघू लागली. दुकानदाराने सरळ ट्रे स्वतःकडे ओढला. त्याला वाटलं असणार, काहीतरी भारी सापडलंय. त्याचा भाव त्याच क्षणी वाढला. सर गर्दीतून आले. मी त्यांना तोवर कधी धावताना पाहिलं नव्हतं. दुकानदाराने दगड पुढे केला. सरांनी मखमलीकडे बोट दाखवलं. त्याने ठेवला, सरांनी उचलला.

त्यांनी तो किती वेळ पाहिला ते मी मोजलं नाही, आणि मी सगळं मोजते. एका बाजूने पाहिला. उलटून पाहिला. चष्मा काढून पाहिला. चिमट्याचं टोक भिंगाच्या कडेला टकटक वाजत होतं.

"नाही," ते म्हणाले. "देठ डावीकडे वळतोय."

"उलट बाजूने उजवीकडे वळेल ना, सर?"

"वळतो. पण मग पान वरच्या अंगाला जातं. आपलं खाली आहे." त्यांनी दगड मखमलीवर ठेवला. दुकानदाराला नमस्कार केला. आणि हॉलबाहेर पायऱ्यांवर जाऊन बसले.

मी डबा घेऊन मागे गेले. तिथे भाकरी हातात धरून, न खाता, त्यांनी मला सांगितलं.

वर्ग सुरू करण्याआधी सर एका सराफाच्या पोटमाळ्यावर दगड तपासायचं काम करत. एके दिवशी दिवाळ्याची एक कोळीण आली. नवरा जहाजावर कामाला होता. त्याने कोलंबोहून तिला नीलमाची अंगठी आणली होती. "खरा हाय, सांभाल," एवढंच सांगून दिली होती. तो वारला. घराला गरज होती म्हणून ती विकायला आली. सराफाने अंगठी वर पाठवली, मागोमाग तीही जिना चढून आली. खाली गिऱ्हाईक खोळंबलं होतं. अंगठी मागून बंद कोंदणाची, दगड सोडवल्याशिवाय धड दिसणार नाही अशी. सरांनी तशीच पाहिली. कडेला एक पान दिसलं. त्यांना वाटलं, कोंदणाखालची लाख आत उतरलीय. बाकी दगड फार स्वच्छ, खाणीतल्याला न शोभणारा. त्यांनी अंगठी तिच्या हातात परत दिली आणि म्हणाले, "बाई, हा कारखान्यातला आहे."

"ती भाव कमी मिळाला म्हणून रडली नाही," सर म्हणाले. "अंगठीकडे बघून म्हणाली, 'म्हंजे खोटा बोलला मेला. मरेपरेंत खोटा बोलला.' आणि सोन्याच्या वजनावर देऊन गेली."

दिसलेली खूण रजिस्टरात काढून ठेवायची सरांना सवय होती. दीड वर्षाने नव्या पुस्तकात तसंच एक पान त्यांना भेटलं. ती लाख नव्हती. दगड जमिनीच्या पोटात असताना त्याला भेग जाते आणि ती हळूहळू भरून येते, तेव्हा तसं पान उमटतं. कोलंबोचा तो दगड खरा होता. तोवर सराफाने तो सोडवून मिसळ मालात घालून टाकला होता, आणि तो माल जयपूरच्या कुणाकडे गेला ते सराफालाही आठवत नव्हतं.

"टेबलावर ठेवली असती ना ती अंगठी," सर म्हणाले, "तर दोन क्षण गेले असते. ठेवताना माणूस पुन्हा एकदा बघतो. मी हातात दिली."

"तिला सांगितलं का नाही?"

"त्याच आठवड्यात गेलो होतो."

"मग?"

सरांनी भाकरी डब्यात ठेवली. "म्हणाली, 'तुजा एक बोल आयकून मी दादल्याला खोटा केला. आता दुसरा बोल आयकून खरा करू? दगड दाव, मंग बोल.' "

माझा स्वभाव कामं उरकण्याचा. मी म्हणाले, "सर, आत्ताचा तो दगड घ्या. जवळजवळ तसाच आहे. तिला भिंगातून पान दाखवा. तिला काय कळणार देठ डावा की उजवा? म्हातारपणी बाईच्या मनाला समाधान मिळेल. मी पैसे घालते."

सर माझ्याकडे रागाने बघतील असं वाटलं होतं. ते फक्त दमलेले दिसले.

"यादीबाई," ते म्हणाले, "एकदा न बघता खोटं सांगितलं. आता बघून सांगू?"

मी डब्याचं झाकण लावलं. आत आमचे बाकीचे आठ जण फुकटची पेनं गोळा करत होते.

पुढच्या बुधवारी ते मला दिवाळ्याला घेऊन गेले. खाडीकडच्या रस्त्याला वळलं की बोंबलांचा वास येतो. सरांनी तिथून रुमाल नाकाला लावला. मावशी पाटीमागे बसली होती, काटक, कपाळावर कुंकवाच्या जागी मोठं गोंदण.

"आयला गो शिवराक मास्तर," ती शेजारणीला म्हणाली. शिवराक म्हणजे शाकाहारी. मग सरांना, "गावला का?"

"नाही."

"मंग म्हावरं घे."

सरांनी पाटीच्या कडेवर पैसे ठेवले. तिने ते उचलले, ओंजळभर मांदेली पिशवीत टाकली आणि पिशवी फळीवर ठेवली. सरांनी उचलली. हाताला हात लागला नाही. हा रिवाज तिने त्यांच्याकडून घेतला होता की त्यांनी तिच्याकडून, मी विचारायचं राहिलं. 'दगड दाव' म्हणणाऱ्या बाईकडे रिकाम्या हातांनी जायचं, आणि रिकाम्या हातांनी परत यायचं नाही, असा तो हिशेब असावा.

मी त्या वर्गातून पास झाले, दोन वर्षं एका प्रयोगशाळेत काम केलं आणि मग सरांकडेच शिकवायला आले. दर जानेवारीला प्रदर्शन. दर जानेवारीला पान. सरांनी विद्यार्थ्यांना कारण कधीच सांगितलं नाही. "कारण सांगितलं की पोरं पान शोधत नाहीत," ते म्हणत, "मला खूश करायला बघतात. मग त्यांना सगळीकडे पान दिसतं." हात कापायला लागल्यावर त्यांनी चित्रं उतरवायची सोडली आणि मी झेरॉक्स सुरू केली. त्यांना झेरॉक्स पटली नव्हती. ठिपके फुटतात म्हणायचे.

तीन वर्षांपूर्वी त्यांना घरी खाटेवर पाहिलं ती शेवटची भेट. बोलणं कमी झालं होतं. उशाखालून त्यांनी ते रजिस्टर ओढून काढलं. मी सवयीने हात पुढे केला. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं नाही. रजिस्टर खाटेच्या कडेवर, आमच्या दोघांच्या मध्ये ठेवलं आणि छताकडे बघत राहिले.

मला माझ्या घरची कामं आठवली. वर्गाची, मुलाच्या परीक्षेची, सासूबाईंच्या गुडघ्याची. खरं सांगते, मी लगेच उचललं नाही. सर थांबले. त्यांना थांबता येत असे.

मग मी उचललं.

त्यांचे दिवस झाल्यावर मी मावशीला सांगायला गेले. आता बाजारात सून बसते. मावशी घरी असते, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. मी सांगितलं. तिने पदराने तोंड पुसलं आणि खाडीकडच्या दाराकडे वळून बसली.

"इतकी वरसां म्हावरं नेला," ती म्हणाली, "पन एक दिस तोंडात नाय घातला. असा मानूस कसा गो?"

तेवढ्यात मला भिंतीवरचा फोटो दिसला. जहाजावरच्या कपड्यातला एक तरुण, मिशीवाला, फोटोला प्लास्टिकच्या फुलांची माळ. सरांनी मला सांगितलं होतं की तिने त्याचा फोटो त्या दिवशीच भिंतीवरून काढून टाकला होता.

"मावशी, हा फोटो कधी लावला?"

"जाला बरेच दिस."

"म्हणजे मास्तरांचं खरं वाटलं तुम्हाला?"

"तो दर बुधवारचा येल. 'गावला का' इचारला तर 'नाय' बोलं. खोटारडा असता तर येक बुधवारी तरी 'गावला' बोलला असता." ती हसली. समोरचे दोन दात नाहीत.

"मग त्यांना सांगायचंत ना! उगाच शोधत राहिले ते."

"सांगला असता तर शोधाचा सोडला असता." तिने फोटोच्या दिशेने मान वळवली, तिला तो आता नीट दिसत नसणार. "तू नको सोडू. माजा दगड हाय तो. येकदा हातान घेवाचा हाय मना."

हे सगळं मी या वर्षीच्या मुलांना सांगितलेलं नाही. दुपारी जेवताना सुशांत माझ्याशेजारी येऊन बसला. सकाळपासून त्याने सात दुकानांतले नीलम पाहिले होते, एकट्याने. 'माहीत नाही'चा रकाना भरून वहीच्या पुढच्या पानावर गेला होता.

"मॅडम, कुणी याला नव्याने पैलू पाडले असतील तर? कडेचं पान घासून जाईल ना?"

"जाईल."

"मग मिळणारच नाही कधी."

"असं होऊ शकतं."

त्याने झेरॉक्सची घडी घातली. पुडीची घडी, बरोबर पाच घड्या. खिशात ठेवली. "बघतो अजून," म्हणाला आणि डबा अर्धा टाकून उठला. मी त्याला डबा संपवायला परत बसवलं.

संध्याकाळी घरी आल्यावर दिवसाची यादी पूर्ण केली. चौदाही जण घरी पोचल्याचे मेसेज: खूण. वह्या जमा: खूण. फुकटची पेनं गेटवर परत: अकरा, तिघांनी लपवली, सोमवारी बघते. निकिताला फोन: खूण, ताप उतरलाय. बुधवारी दिवाळे, सुनेकडून बोंबील, मावशीचे डोळ्यांचे थेंब: लिहून ठेवलं.

त्याखाली पान. त्याच्यापुढे खूण नाही. हॉलमध्ये नीलम ठेवणारी दुकानं सतरा होती. त्यातली अकरा आमची बघून झाली. सहा राहिलीत. प्रदर्शन उद्या रविवारी संध्याकाळी सहापर्यंत उघडं आहे.